मधला चेंडू जावयाचा

आमच्या जिल्ह्यात खेळाचा हॉल खेळायला मोकळा मिळायचा असेल, तर धोंड्याचा महिना यावा लागतो.

बीडहून गेवराईच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला उंच पत्र्याचा एक हॉल दिसतो. लोकांनी वर्गणी दिली तेव्हा तो उभा राहिला. कोनशिलेवर 'क्रीडा' हा शब्द चांगला ठसठशीत कोरलाय. आत मात्र वर्षभर लग्नं. बास्केटबॉलच्या कडीला झुंबर लटकलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि नवरा-नवरी उभी राहतात ती जागा म्हणजे बॅडमिंटनची सर्व्हिसची चौकट. अधिक महिन्यात मुहूर्त नसतात. तेवढा एक महिना मंडपवाले, आचारी, बँडवाले आपापल्या घरी, आणि हॉल रिकामा. म्हणजे खेळाडूंना जागा मिळते ती कुणाला सद्बुद्धी सुचली म्हणून नाही, पंचांगात सोय आहे म्हणून. याची कुणाला लाज वाटत नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

गेल्या धोंड्यात त्या हॉलात टेनिसची स्पर्धा भरली. साधीसुधी नाही; खेळ हाच ज्यांचा धंदा आहे, बक्षिसावर ज्यांचं घर चालतं, अशा लोकांची. बियाण्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा पुण्यात टेनिस खेळतो, त्याच्या हौसेनं ती इथवर आली. ट्रकमधून गुंडाळून आणलेलं निळं कोर्ट जमिनीवर अंथरलं, चारी बाजूंना दाराएवढे कूलर लावले, आणि पुण्याहून, कोल्हापूरहून, हैदराबादहून पोरं उतरली. एकेकाच्या पाठीवर रॅकेटींचं ओझं असं की वाटावं बिऱ्हाड घेऊन आलीत. बीडचं त्यात कोण? कुणीच नाही. वर्गणी आमची, पत्रा आमचा, उकाडाही आमचा, आणि आम्ही खुर्च्या मांडायला.

मी पत्रक काढलं. कॉलेजपासून माझं हेच काम. वसतिगृहाचं पाणी असो नाहीतर बंद पडलेली एस.टी. असो, आधी पत्रक, मग बोलणं. 'लोकांच्या हॉलात लोकांना जागा नाही' असं वर मोठ्या अक्षरांत छापलं आणि खाली एकच मागणी ठेवली: पुरुष दुहेरीत इथली एक जोडी खेळवा. बसस्टँडवर वाटलं, क्लासेसच्या गल्लीत वाटलं, रिक्षाच्या काचांना चिकटवलं.

ही मागणी हवेत केलेली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर दाजी होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सिरसाळ्याचे, पण नोकरीला त्या हॉलपासून सायकलच्या अंतरावरच्या एका खेड्यातल्या शाळेत, खेळाचे शिक्षक. शाळेमागच्या मोकळ्या रानात दोन बांबू रोवून, व्हॉलीबॉलची जुनी जाळी खाली ओढून ते मुलींना टेनिस शिकवायचे. जमीन काळी. पावसाळ्यात तिच्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की चेंडू आत गेला की मुली ज्वारीच्या धाटानं तो उकरून काढतात. दाजींना बाकी काही नको होतं. एक सपाट जमीन, वर छप्पर, आणि सकाळचे दोन तास. लग्नं दुपारी लागतात, सकाळी हॉल रिकामाच असतो, मग द्यायला काय जातं, असं त्यांचं साधं म्हणणं. ते घेऊन त्यांनी हॉलच्या ट्रस्टकडं इतक्या चकरा मारल्या की तिथला वॉचमन त्यांना न विचारता चहा सांगायचा. चहा मिळाला, हॉल नाही.

पत्रकाचा परिणाम असा झाला की ट्रस्टच्या अध्यक्षांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. बोलायला गोड आणि द्यायला जड असा हा माणूस. शेजारी तो बियाण्याचा व्यापारी बसलेला. स्थानिक जोडीला प्रवेश दिलाय, अध्यक्ष म्हणाले, आणि ती जोडी तुमचीच. दुसरं इथं खेळतं कोण? ते खरंच होतं. दाजींच्या जोडीला उभा राहील असा माणूस जिल्ह्यात मी एकच, कारण मला त्यांनीच त्या काळ्या रानात शिकवलं होतं.

मग अध्यक्षांनी खरी गोष्ट काढली. "हॉल मागणारे लई हायेत. खेळणारे दाखवा. ह्या बाहेरच्या पोरांकडून एक सेट काढा. काढला तर सकाळचे दोन तास तुमच्या दाजींचे, लग्न असो नसो. न्हाई काढला, तर पुन्ना मला पत्रक दाखवायचं न्हाई."

हक्काची गोष्ट पैजेवर लावायची नसते, असं मी ताडकन म्हणणार होतो. दाजींनी टेबलाखालून माझ्या मांडीला चिमटा काढला आणि म्हणाले, चालेल.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा तिच्यापासून सुरू होतो. आई आणि बाप्पा, म्हणजे माझे वडील, कित्येक हंगाम ऊसतोडीला गेले. ऊस सुटला तो आम्ही भावंडं शिकून हाताशी आल्यावर. मास्तर जावई मिळाला याचं आईला एवढं कौतुक की दाजी आले की ती घरातल्या घरात डोक्यावरचा पदर दोनदा सारखा करते. त्यात धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई म्हणजे देव. त्याला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. आणि हा महिनाभर तिचा मला हुकूम होता: जावयाच्या पुढं चालायचं नाही, त्यांच्या आधी हात घालायचा नाही, त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

तिनं धोंडे घातले ते नेमके सामन्याच्या दिवशी सकाळी. मी कळवळून सांगितलं की आई, त्यांना दुपारी पळायचंय. तिनं ऐकलं नाही, आणि दाजींनाही नाही म्हणता आलं नाही, कारण धोंड्याच्या ताटाला पुरे म्हणायची पद्धत नाही. ते मुकाट खात राहिले, आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिले की जणू पत्रक काढून ते थांबवावं. या एका गोष्टीवर मी पत्रक काढू शकत नव्हतो.

हॉल भरला होता. पत्रकामुळं म्हणा, कूलरमुळं म्हणा, बाहेर उन्हानं रस्ता वितळत होता आणि आत गार होतं. आई आणि ताई पहिल्या ओळीत. समोर उंच एक पुण्याचा आणि दुसरा डावखुरा, हैदराबादचा. दोघांची ओळख त्याच दिवशी सकाळी झालेली. असं चालतं म्हणे. एकेरी खेळायला आलेली पोरं जोडीला कुणीतरी शोधतात आणि दुहेरीतही नाव घालतात. ते आमच्याकडं बघून नम्रपणे हसले. तो नम्रपणाच मला लागला.

ज्यांनी टेनिस पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की दुहेरीत एका बाजूला दोघं असतात, आणि सगळं भांडण मधल्या चेंडूचं असतं. डावीकडं आलेला डावीकडच्याचा, उजवीकडं आलेला उजवीकडच्याचा. दोघांच्या मधोमध आला तर? जो आधी ओरडेल त्याचा. ओरडायचं, घ्यायचं, दुसऱ्यानं बाजूला व्हायचं. दाजींनीच मला हे शिकवलं होतं. रानात खेळताना आम्ही ओरडायचोही, कारण तिथं बघायला फक्त म्हशी असायच्या.

इथं आई बघत होती. पहिलाच चेंडू मधून आला. मी पाऊल उचललं आणि पहिल्या ओळीतला तो पदर दिसला. म्हणालो, "घ्या दाजी." दाजींनी बिचाऱ्यांनी सासरच्या माणसांपुढं हावरेपणा नको म्हणून हात आवरला आणि म्हणाले, "घ्या की पाव्हणं." चेंडू आमच्या दोघांच्या मधून गेला, मागच्या पडद्यावर आपटला आणि खाली पडला.

समोरच्या पोरांना ही वाट कळायला वेळ लागला नाही. त्यांनी दुसरीकडं मारणंच बंद केलं. घ्या दाजी, घ्या पाव्हणं. पंगतीत बसल्यासारखं. लोक आधी हळहळले, मग हसायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "अबे, चेंडू हाय का धोंडा? वाढतो कावून त्याला?" हॉल खदखदला. दाजींना त्या हसण्याचं वाईट वाटलं की पोटातल्या पुरणाचं, सांगता येत नाही, पण ते दर चेंडूला जड होत गेले. पहिला सेट कधी गेला ते आम्हाला नीट कळलंसुद्धा नाही.

तिकडं अध्यक्ष व्यापाऱ्याच्या कानाला लागले होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. मला दिसत होतं ते पुढचं सगळं: महिना संपणार, निळं कोर्ट गुंडाळून ट्रकमध्ये जाणार, झुंबर परत कडीला लटकणार, आणि मुली धाटानं भेगा उकरत बसणार. तेही कुणा मोठ्या माणसानं अन्याय केला म्हणून नाही. आम्ही दोघं एकमेकांना घ्या घ्या म्हणालो म्हणून.

दोन सेटच्या मधे खुर्चीवर टेकायला मिळतं. आम्ही टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो होतो. तेवढ्यात मागच्या कठड्याशी आई येऊन उभी राहिली. पंचांनी मान वळवून बघितलं. हे त्यांच्या नियमात बसतं की नाही ते ठरवेपर्यंत तिचं बोलणं सुरू झालं होतं.

तिनं मला विचारलं, मधून जातो तो चेंडू कुणाचा. म्हणालो, दोघांचाही. मग दोघं बघत का उभे राहता, तिनं विचारलं. मला राग आला. मी म्हणालो, तूच सांगितलंस ना, जावयाच्या आधी हात घालायचा नाही.

तिनं कोर्टाकडं बघितलं, जाळीकडं बघितलं, दाजी खेळत होते त्या रिकाम्या बाजूकडं बघितलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या हिशेबी ती दोन माणसं नसतात, एक कोयता असतो. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, आणि गाडी भरायच्या आत दोघांनी मिळून पात, म्हणजे वाट्याला आलेला उसाचा पट्टा, संपवायची.

"फडात तुज्या बापाला मी अहो-जाहो करत बसले असते, तर पात उरकली असती का? तितं त्यो नवरा न्हवता. जोडीदार होता. सरक म्हणलं की सरकायचा."

मग ती दाजींकडं वळली. पदर पुढं ओढला, आवाज खाली आणला.

"जावईबापू, ह्यो आता तुमाला बोलंल. राग धरू नका. ताटावर बसल्यावर मी त्याला बगते."

दाजींनी टॉवेल बाजूला केला. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा दिसला. म्हणाले, "मामी, मी कवापासून वाट बघतोय त्यो कवा बोलतो."

पंचांनी वेळ झाल्याचं सांगितलं.

दुसऱ्या सेटचा पहिला मधला चेंडू आला तेव्हा मी ओरडलो. "सोडा!" आवाज पत्र्याला लागून परत आला. दाजी बाजूला झाले, मी मारला, पलीकडं पडला. पुढचा दाजी ओरडले, मी झालो बाजूला. एवढंच. यात काही कला नव्हती, रानात रोज खेळायचो तेच होतं. पण आता आम्ही दोघं मिळून कोर्टाच्या रुंदीएवढे झालो होतो. दाजी मागं राहून उंच उचलायचे आणि मी जाळीपाशी. पोटातले धोंडे बहुतेक तोवर जिरले होते.

समोर उलटं झालं. त्या पोरांचं बिनसायला लागलं. डावखुऱ्याचा एक मारा बाहेर गेला, तो उंचाला सॉरी म्हणाला. उंचाचा जाळीत गेला, तो डावखुऱ्याला सॉरी म्हणाला. पुढं चेंडू त्यांच्या मधून जायला लागले. आमचं घ्या-घ्या थांबलं आणि त्यांचं सॉरी-सॉरी सुरू झालं. त्यांच्यात कुणाची आई कठड्याशी येणार नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही एकेरीच्या लढती होत्या, हेही खरं. ते पूर्ण जीव तोडून खेळत होते असं मी म्हणणार नाही. पत्रकात मी तसं लिहिलं असतं; इथं नाही लिहीत.

सेट आमच्या हाताशी आला. एक चेंडू हवा होता. उंचानं तो खूप वर टोलवला, पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांपर्यंत, आणि तो नेमका आमच्या दोघांच्या मधोमध उतरायला लागला. मी वर बघत मागं येत होतो. दाजीही वर बघत पुढं येत होते. त्यांना मी दिसत नव्हतो. तोंडात जे आलं ते गेलं.

"सोडा बे!"

जावयाला. धोंड्याच्या महिन्यात. भरल्या हॉलात, आई आणि बहीण पहिल्या ओळीत असताना. दाजी तिथल्या तिथं खाली वाकले, गुडघ्यावर हात टेकून, आणि मी त्यांच्या डोक्यावरून मारला. चेंडू डावखुऱ्याच्या पायाशी पडला आणि तो सॉरी म्हणाला.

सेट आमचा.

सामना आम्ही हरलो. दुहेरीत एक-एक सेट झाला की शेवटी छोटा टायब्रेक खेळतात. तो त्यांनी भराभर उरकला. आम्हाला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि अंगात काही उरलं नव्हतं. हात मिळवताना उंच पोरगा हिंदीत म्हणाला की तुमच्या आईला थोडे दिवस आमच्याकडं पाठवा. मला तो तेव्हा आवडला. त्याआधी केलेला सगळा राग मी मागं घेतला, निदान त्याच्यापुरता.

अध्यक्ष खाली आले. सेट हाय खरा, म्हणाले, आणि तिथंच वॉचमनला बोलावून सांगितलं की महिना संपला तरी सकाळी सरांना दार उघडून देत जा. तोंडी बोलण्यावर माझा विश्वास नसतो. मी लेखी मागणार होतो. दाजींनी परत चिमटा काढला. त्यांचं बरोबर होतं. सगळ्या हॉलासमोर बोललेलं अध्यक्षांना बीडमध्ये गिळता येणार नव्हतं.

संध्याकाळी आईनं दाजींचं ताट मला वाढायला लावलं. ही शिक्षा होती आणि मी ती नीट भोगली. तूप कमी पडलं की ती डोळे वटारायची. दाजी मजेत होते. मला ऐकू येईल असं तिला म्हणाले, "मामी, ह्यानं मला बे म्हणलं."

"खेळात म्हणला," आई म्हणाली. "ताटावर म्हणू द्या, मग बगा."

आत ताईला ठसका लागला, तो हसण्याचा होता.

धोंडा संपला आणि निज महिना लागताच लग्नांची झुंबड उडाली. निळं कोर्ट गेलं. खाली सिमेंटच निघालं, पण सपाट. दाजींनी चुन्यानं रेघा मारल्या. रोज सकाळी आधी झाडू मारावा लागतो, कारण आदल्या दिवशीच्या अक्षता जमिनीवर सांडलेल्या असतात आणि तांदळावरून पाय सटकतो. झेंडूच्या पाकळ्या, तेलाचा वास, कोपऱ्यात कुणाची तरी राहिलेली चप्पल. हे सगळं अजूनही मला खपत नाही. खेळाच्या हॉलात तांदूळ झाडून खेळावं लागतं, हे बरोबर नाही ते नाहीच. पण झाडून झालं की मुली दोन-दोन करून उभ्या राहतात, आणि दाजी त्यांना पहिली गोष्ट शिकवतात ती ओरडायची. सर्व्हिस नंतर. काही मुली घरी मान वर करून बोलत नाहीत. इथं त्यांचा आवाज पत्र्याला लागून परत येतो.

परवा मीही गेलो होतो. खेळ रंगात आला होता आणि मंडपवाला वेळेआधीच आला. दोन माणसं घेऊन, झुंबर हातांवर तोलून, थेट रेघा ओलांडत कडीकडं निघाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात जाळीजवळची एक मुलगी, सगळ्यांत बारकी, चेंडूवरची नजर न काढता ओरडली.

"काका, सरका. आमचं चालू हाय."

तो सरकला. भिंतीला पाठ लावून, झुंबर पोटाशी धरून उभा राहिला, काचा किणकिणत, गेम संपेपर्यंत.